उशिराचं बाळंतपण: दिवस राहण्याआधीपासून सव्वा महिन्यापर्यंत कधी काय तपासायचं

माझ्या केसपेपरवर नावाशेजारी लिहिलं होतं, ‘एल्डरली प्रायमी’. पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा बाळंत होणारी बाई, एवढाच त्याचा अर्थ. मला चाळिसावं पूर्ण झालं होतं. पुण्यात कर्वे रोडवरून रिक्षानं घरी येईपर्यंत तो शब्द काही डोक्यातून गेला नाही.

आज माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मधल्या काळात कॉलेजातल्या सहकारी, सोसायटीतल्या मुली, चुलत बहिणी अशा कितीतरी जणींचे फोन आले. कुणी ३६ ची, कुणी ४२ ची. कुणाचं पहिलं, कुणाचं दहा वर्षांनी दुसरं. प्रश्न सगळ्यांचा एकच: ‘ताई, फार उशीर झालाय का?’ मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाच्या पोटाला हात लावून सांगू शकत नाही. पण एक गोष्ट अनुभवानं पक्की कळली आहे. या वयातले बहुतेक धोके आभाळातून पडत नाहीत. ते ठरावीक आठवड्यांत डोकं वर काढतात आणि त्याच आठवड्यांत शोधले तर सापडतात. म्हणून हा लेख तारखांच्या क्रमानं लिहिला आहे.

आधी धोका किती, ते बघू. मुलगी स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच तिची स्त्रीबीजं तयार झालेली असतात. चाळिशीत पक्व होणारं बीज चाळीस वर्षं थांबलेलं असतं आणि त्यातल्या गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वयाबरोबर वाढते. बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त आल्यानं होणारा जन्मजात दोष, असण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण १२५० मध्ये १ असते, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १ आणि पंचेचाळिशीत ३० मध्ये १. गर्भपाताचंही तसंच. पंचविशीत दहातल्या साधारण एकीचा गर्भ पडतो, चाळिशीत तिघींतल्या एकीचा, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त जणींचा. पस्तीस ही लक्ष्मणरेषा नाही. चढ आधीपासून असतो, सदतीस-अडतीसनंतर तो उभा होतो. आणि चाळिशीत १०० मध्ये १ याचा अर्थ ९९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

दुसऱ्या बाजूला आईच्या शरीराचे धोके: गरोदरपणातला मधुमेह, वाढलेलं बीपी, वार (प्लासेंटा) खाली असणं, सिझेरियन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. हे सगळे वयाबरोबर वाढतात, पण यांतल्या बऱ्याच गोष्टी वेळेत हाती लागल्या तर आवरता येतात.

तीन महिने आधी

ठरवल्या दिवसापासून प्रयत्न सुरू करण्याआधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या, दोघंही. हिमोग्लोबिन, रक्तगट, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, थायरॉइडची टीएसएच, रुबेलाची प्रतिकारशक्ती आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचबीए२ एवढ्या रक्तचाचण्या मागून घ्या. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त असतात, पण मराठी घरांतही सापडतात. दोघंही वाहक निघाले तर ते आधी कळलेलं केव्हाही बरं. रुबेलाची लस लागली तर ती घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, म्हणजे हे काम आधीच उरकावं लागतं. एक सोनोग्राफीही करा. या वयात गर्भाशयात फायब्रॉइड, आपण ज्याला गाठी म्हणतो त्या, असणं अगदी सर्रास आहे. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण कुठे आणि केवढ्या आहेत ते माहीत असावं.

औषधांचं फार कमी जणी सांगतात. पस्तिशी-चाळिशीत कित्येक जणी बीपीची गोळी आधीच घेत असतात आणि ती बऱ्याचदा टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल असते. या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, फिट्ससाठीची व्हॅल्प्रोएट, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन यांच्याबद्दलही आधीच बोलायला हवं. आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नका, बीपीची आणि फिट्सची तर मुळीच नाही. बीपीसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा असे गरोदरपणात चालणारे पर्याय आहेत आणि डॉक्टर ते बदलून देतात. कपाटातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा ते सोपं.

फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधी निदान महिनाभर, शक्यतो तीन महिने आधी सुरू व्हायला हवं. बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. मधुमेह, फिट्सचं औषध, किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर ५ मिलिग्रॅम लागतं. सोबत बी१२ तपासा, हा माझा खास आग्रह आणि त्याला पुण्याचाच आधार आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. जन्माला आलेली बाळं वजनानं हलकी पण अंगात चरबी जास्त, असं चित्र त्यांना दिसलं. बहुसंख्य आयांमध्ये बी१२ कमी होतं. ज्या आयांचं फोलेट भरपूर पण बी१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशी लक्षणं जास्त आढळली. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत दूध-दही असूनही बी१२ कमी निघतं. नुसती फॉलिकची गोळी चालू करून समाधान मानू नका.

वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत की डॉक्टरांकडे जायचं, वर्षभर थांबायचं नाही. चाळिशीनंतर सुरुवातीलाच जायचं. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच वेळी करा. ती सर्वांत स्वस्त आणि बिनत्रासाची चाचणी असते आणि आपल्याकडे नेमकी तीच सगळ्यांत शेवटी होते. एएमएच या चाचणीवरून बीजं किती उरली याचा अंदाज येतो, ती कशी आहेत याचा नाही. त्या आकड्यानं हुरळू नका, खचूही नका. कृत्रिम गर्भधारणेसाठी २०२१ च्या कायद्यानं स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ ही वरची मर्यादा घातली आहे. आयव्हीएफमध्ये एका वेळी एकच गर्भ सोडण्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. ‘एकदाच जुळी, काम फत्ते’ हे घरच्यांना गोड वाटतं, पण चाळिशीत जुळ्यांमुळे बीपी, साखर आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण हे तिन्ही धोके वाढतात.

पाळी चुकल्यावर

घरच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या की सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली सोनोग्राफी. गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत ना, एक आहे की दोन, हे तिच्यात कळतं. गर्भनलिकेत गर्भ राहण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतं. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर येणं यांतलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून ठरणारी तारीख जपून ठेवा, कारण पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावरच चालतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लगेच टीएसएच परत करा. डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो. ती गोळी आणि लोहाची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा.

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. मी तिच्या विरोधात नाही. पण एका माणसाला तरी सांगून ठेवा. माझा पहिला गर्भ नवव्या आठवड्यात गेला तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून शिकवत होते. नंतर कळलेल्या एकीनं विचारलं, ‘पपई खाल्ली होतीस का गं?’ लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची चूक असते. जिने चढल्यानं, पपईनं, स्कूटरनं ती होत नाही. हे मला त्या आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं होतं.

११ ते १४ आठवडे: सगळ्यांत नाजूक दिवस

११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या खिडकीत एनटी स्कॅन होतो. बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात, नाकाचं हाड बघतात. त्याच सुमाराला डबल मार्करची रक्तचाचणी. दोन्ही मिळून रिपोर्टवर एक प्रमाण येतं. ही खिडकी चुकली की परत उघडत नाही. मग १५ ते २० आठवड्यांतली क्वाड्रुपल चाचणी उरते आणि तीत तेवढी अचूकता नसते. दिवाळीची सुट्टी, लग्न, गावची जत्रा काहीही असो, ही तारीख आधी धरा.

रिपोर्ट हातात पडल्यावर काय होतं ते सांगते. माझ्या रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ होतं आणि खाली १:१८०. मी तो कागद लॅबच्या पायऱ्यांवर बसून चार वेळा वाचला. नवऱ्यानं मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला: ०.५६ टक्के. म्हणजे माझ्यासारख्या १८० जणींत एक. लॅब साधारण १:२५० च्या आतला प्रत्येक रिपोर्ट लाल करते, आणि चाळिशीत निव्वळ वयामुळेच आकडा तिथे पोहोचतो. ही चाळणी आहे, निदान नाही.

यानंतर दोन वाटा असतात. एक एनआयपीटी. बाळाच्या गुणसूत्रांची ही तपासणी दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तातून होते आणि डाऊन सिंड्रोमसाठी बरीच विश्वासार्ह आहे, पण तीही चाळणीच. एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून तेवढ्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. दुसरी वाट पक्क्या निदानाची: ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर सुईनं गर्भजल काढून तपासणं. त्यामुळे गर्भ पडण्याची शक्यता अनुभवी हातांत दोनशेत एक किंवा त्याहून कमी असते. मी एनआयपीटी केली आणि ती नॉर्मल आल्यावर थांबले. माझी एक सहकारी ४३ व्या वर्षी थेट गर्भजल तपासणीला गेली, कारण तिला ‘बहुधा’ या शब्दाबरोबर पाच महिने काढायचे नव्हते. दोघींचंही बरोबर होतं. घरातल्या मोठ्यांनी इथे मतं द्यायची नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दात्याचं बीज वापरलं असेल, किंवा गर्भ काही वर्षांपूर्वी गोठवलेला असेल, तर डबल मार्करच्या फॉर्मवर तुमचं आजचं वय नाही, बीज काढलं त्या वेळचं त्या बीजाच्या मालकिणीचं वय लिहायला हवं. नाहीतर अख्खं गणित चुकतं. हे लॅबमधल्या मुलीला आपणहून सांगा. दात्याच्या बीजानं दिवस राहिले असतील तर गुणसूत्रांचा धोका कमी होतो खरा, पण बीपीचा वाढतो.

१८ ते २० आठवड्यांत ॲनोमली स्कॅन. हृदय, मणका, मूत्रपिंडं सगळं तपशिलात बघतात. मधुमेह आधीपासून असेल किंवा आयव्हीएफ असेल तर बाळाच्या हृदयाचा वेगळा टूडी एको करायचा का ते विचारा. तारखांना एवढं महत्त्व का, ते इथे कळतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या बदलानंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. गर्भजलाच्या पूर्ण रिपोर्टलाच दोन-तीन आठवडे जातात. १४ व्या आठवड्यात सुरुवात केली तर विचार करायला सवड मिळते, विसाव्यात केली तर मिळत नाही. आणि मुलगा की मुलगी हे यांतल्या कुठल्याही चाचणीत विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

बाराव्या आठवड्यात विचारायचा एक प्रश्न

‘डॉक्टर, मला ॲस्पिरिनची छोटी गोळी लागेल का?’

हा प्रश्न कागदावर लिहून न्या. गरोदरपणातल्या बीपीचा गंभीर प्रकार, ज्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, त्याची सुरुवात वार रुजतानाच होते, लक्षणं मात्र विसाव्या आठवड्यानंतर दिसतात. धोका असलेल्या स्त्रियांना १२ व्या आठवड्यापासून, आणि १६ व्याच्या आत, रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं तर तो बराच कमी होतो. आधीपासूनचं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस किंवा मागच्या खेपेला हाच त्रास, यांतलं एकही कारण पुरतं. नसेल तर दोन लहान कारणं एकत्र आली तरी ती देतात, आणि वय ४० च्या वर व पहिलंच बाळंतपण ही दोन कारणं आपल्यापैकी कित्येकींकडे असतातच. आईला किंवा बहिणीला असा त्रास झाला असेल, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर असेल, जुळी असतील तर तेही त्यात धरतात. आपणहून गोळी सुरू करायची नाही, पण विचारायला विसरायचं नाही.

साखर

आपल्याकडची पद्धत सोपी आहे. उपाशी जावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, दोन्ही वेळा करायची. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका, कारण वार जसजशी मोठी होते तसा साखरेवरचा ताण वाढतो. ग्लुकोज घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी परत.

साखर निघाली तर पहिला इलाज ताटात. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली ठेवायची असते. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यांत कमी दाद देतं, त्यामुळे पोह्यांची भरलेली बशी आणि साखरेचा चहा हा नाश्ता नेमका नडतो. मुगाचं धिरडं, उसळ, अंडं, मिश्र पिठांचं थालीपीठ आणि दही यांनी तेवढी चढत नाही. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपास सोडता येत नसेल तर भगर थोडी, दाण्याची आमटी, ताक आणि काकडी घ्या, आणि दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम खाऊ नका. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. वेताळ टेकडीची सवय असेल तर सहाव्या महिन्यानंतर उतारावरच्या मुरमात पाय घसरतो, त्यापेक्षा संभाजी बाग किंवा सोसायटीचं आवार बरं. एवढ्यानं भागलं नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं. इन्सुलिन लागलं म्हणजे आपण पथ्यात कमी पडलो असं नाही.

बीपी मोजायचं मशीन घ्या

पाळण्याच्या आधी हे घ्या. दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर सरळ, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, तोंड बंद. दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. विसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, अठ्ठावीसनंतर डॉक्टर सांगतील तसं जास्त. वरचा १४० किंवा खालचा ९० आला तर थोड्या वेळानं परत मोजा, तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६० किंवा ११० दिसला तर फोनही नंतर, आधी हॉस्पिटल. आकडा ठीक असूनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसरपणा, उजव्या बरगडीखाली दुखणं, अचानक चेहरा आणि हात सुजणं यांतलं काही झालं तरी जायचं.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींची लय तुम्हाला कळायला लागते. ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर गार पाणी पिऊन, डाव्या कुशीवर पडून सकाळपर्यंत वाट बघणं बंद करा. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, जाऊन ठोक्यांची तपासणी करून घ्या. ‘काही नसताना उगाच गेलो’ असं दहा वेळा झालं तरी चालेल.

हॉस्पिटल कुठलं

घराजवळचं, ओळखीच्या बाईंचं छोटं प्रसूतिगृह प्रेमळ असतं. पण वय ४० च्या पुढे, किंवा साखर-बीपी निघालं असेल, तर हे प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून बोलवावे लागतात? नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग याच छपराखाली आहे का? रक्त किती मिनिटांत येतं? आईला आयसीयू लागलं तर कुठे नेतात? उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

खर्चाचं आधी बघा. बऱ्याच विमा पॉलिसींत बाळंतपणासाठी प्रतीक्षा काळ असतो, तो दिवस राहण्याआधी वाचायचा. खासगी झेपणार नसेल तर ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू हॉस्पिटल आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण हॉस्पिटल आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या बाळंतपणांची वेगळी नोंद ठेवतात.

पुण्यात आणखी एक धोका आहे, रस्ता. हिंजवडी किंवा वाघोलीहून संध्याकाळी सात वाजता डेक्कनला पोहोचायला किती वेळ लागतो, ते नववा लागण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. तासाच्या वर लागत असेल तर शेवटचे पंधरा दिवस जवळच्या नातेवाइकांकडे राहायची सोय करा. १०८ आणि १०२ हे ॲम्ब्युलन्सचे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. गणपतीचे दहा दिवस तारखेजवळ येत असतील तर मध्यवस्तीतले कुठले रस्ते बंद असतात ते आधी माहीत करून घ्या.

शेवटचा महिना

वयामुळे सिझेरियनच करावं लागतं, असं नाही. चाळिशीत सिझेरियनचं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण कारण विचारायचा हक्क तुमचा आहे, आणि ‘उशिराचं मूल आहे, धोका कशाला’ हे कारण पुरेसं नाही. वार खाली असेल, बाळ आडवं असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर गोष्ट वेगळी. आधीचं सिझेरियन असेल तर या वेळी वार त्या जुन्या व्रणावर तर नाही ना, हे सोनोग्राफीत खास बघायला सांगा. व्रणात रुतलेली वार सुटत नाही आणि भयंकर रक्तस्राव होतो.

तारीख उलटू द्यायची का, हा खरा प्रश्न. ३९-४० आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आत हजारात साधारण एक असतं, चाळिशीनंतर हजारात दोन. दोन्ही कमीच, पण म्हणूनच बरेच डॉक्टर चाळिशीपुढच्या स्त्रीला ३९ ते ४० आठवड्यांत कळा सुरू करण्याचं औषध सुचवतात. कळा आणवल्या की सिझेरियन होतंच, हा समज आहे. ब्रिटनमध्ये ३५ वर्षांवरच्या ६१९ पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३९ व्या आठवड्यात कळा आणवल्यानं सिझेरियन वाढलं नाही.

हिमोग्लोबिन ११ च्या वर घेऊन बाळंतपणाला जा. गोळ्यांनी चढत नसेल तर शिरेतून लोह देतात. लोहाची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर घेऊ नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यातलं आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंत झाल्यावर ७२ तासांतलं अँटी-डीचं इंजेक्शन लक्षात ठेवा.

सव्वा महिना: जिथे सगळे गाफील राहतात

नऊ महिने माझं बीपी ठीक होतं. मुलगी सहा दिवसांची होती. आई बारशाची यादी करत होती, स्वयंपाकघरात डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं भाजल्याचा वास होता आणि माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. रात्रभर जागरण, दूध पाजताना वाकलेली मान; सगळ्यांनी हेच म्हटलं, मीही. आईनं कपाळाला सुंठ लावून ओढणी घट्ट बांधली. शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या, निवृत्त नर्स. माझा चेहरा बघून त्यांनी बाळाला हातही लावला नाही. ‘मशीन कुठंय गं?’ कपाटाच्या वरच्या फळीवर होतं, बाळंत झाल्यावर मीच ठेवून दिलं होतं. १६८ आणि १०८. अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलात होतो, झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियमची सुई लागली, चार दिवस राहावं लागलं.

बाळंतपणानंतरचं बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वाधिक चढतं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. गरोदरपणात कधीच वाढलं नव्हतं तरी चढू शकतं. म्हणून मशीन ठेवून देऊ नका. पहिले दहा दिवस रोज मोजा, आणि बीपीचा त्रास आधी झाला असेल तर सहा आठवडे.

आपल्या बाळंतिणीच्या रीतींत प्रेम आहे. अळिवाची खीर, लाडू, मालीश हे सगळं मला हवं होतं आणि मिळालं. पण बाईनं महिनाभर पलंगावरून उतरायचंच नाही, ही रीत या वयात सोडा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सगळ्यांत मोठा असतो, आणि वय पस्तिशीपुढे, त्यात सिझेरियन, म्हणजे तो आणखी वाढतो. पहिल्या दिवसापासून खोलीत चाला, पाणी भरपूर प्या. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं झालं तर हॉस्पिटल. आडवं झाल्यावर धाप लागत असेल आणि पाय सुजत असतील तर हृदय तपासून घ्या. तासाभरात एक पॅड भिजत असेल, १००.४ च्या वर ताप असेल, टाक्यांतून पू येत असेल तर ‘उद्या बघू’ नाही. खोलीत कोंडून धुरी करू नका, आईच्याही फुप्फुसांना ती नको आणि बाळाच्या तर नकोच.

माहेरी जाणार असाल तर आधी आईकडे नीट बघा. चाळिशीत बाळंत होणाऱ्या मुलीची आई पासष्ट-सत्तरीची असते, तिचे गुडघे दुखतात, तिची स्वतःची बीपीची गोळी असते. माझ्या आईनं हट्टानं सगळं केलं आणि महिन्याभरात कंबर धरून बसली. रात्रीची मदत पैसे देऊन ठेवा किंवा नवऱ्यानं रजा घ्यावी. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. नोकरी अवघड असेल तर ते नंतरसाठी राखा.

मूल एवढ्या वर्षांनी झालं म्हणून बाईनं आनंदातच असलं पाहिजे, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार मनात आला तर त्या क्षणी घरातल्यांना सांगा आणि एकटं राहू नका.

सहा आठवड्यांनी बीपी, हिमोग्लोबिन, आणि गरोदरपणात साखर निघाली असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी परत, या वेळी उपाशीपोटी. त्याच भेटीत गर्भनिरोधकाचं बोला. पाळी सुरू झाली नाही तरी दिवस राहू शकतात, अंगावर पाजत असताना आणि चाळिशीतही. साखर नॉर्मल आली तरी ती पुढे कधीतरी कायमची यायची शक्यता राहते, आणि ज्यांचं बीपी वाढलं होतं त्यांच्या हृदयाला पुढे धोका जास्त असतो, म्हणून दोन्ही चाचण्या दर वर्षी करायच्या असतात. बाळाच्या धावपळीत ही तारीख लक्षात राहत नाही. मी ती मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्याशी बांधून टाकली आहे: केक आणायला जायच्या आदल्या सकाळी लॅब.